वैशंपायनकाकांचं मौन

मौन या विषयावर तासभर न थांबता बोलू शकणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. श्रीकांत वैशंपायन, आमचे वैशंपायनकाका. एका सोमवारी मी ऑफिसातून निघाले, सिडनीच्या सेंट्रल स्टेशनला ट्रेनमध्ये बसले आणि त्यांचा फोन आला. क्वेकर्स हिलला उतरले, चालत घरी गेले, कुकर लावला, कुकर झाला, मुलगी जेवायला बसली, आणि काका तेव्हा कुठे "तर मौनाची दुसरी पायरी अशी" इथवर पोचले होते. फोन कशासाठी, तर आदल्या दिवशीच्या मौनात मला काय अनुभव आला ते विचारण्यासाठी. ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.

आमचा एक विपश्यनेचा गट आहे. दर रविवारी सकाळी सात वाजता क्वेकर्स हिलच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये आम्ही तासभर डोळे मिटून बसतो, मग चहा पितो आणि घरी जातो. मी तिथे ज्ञानप्राप्तीसाठी गेले नव्हते. "आई, माझा चार्जर कुठाय?" असं कोणी विचारणार नाही असा एक तास आठवड्यातून मिळावा, एवढ्याच लोभाने गेले. गटात केविन आहे, निवृत्त बसड्रायव्हर. त्याचे गुडघे वळत नाहीत म्हणून तो कॅम्पिंगची घडीची खुर्ची घेऊन येतो. कुमारी आहे, श्रीलंकेची नर्स, नाइट शिफ्ट संपवून थेट येते. पुण्याहून आलेली आयटीतली काही तरुण पोरं आहेत, ब्रेकअप झालं की नियमित येणारी. आणि या सगळ्यांना धरून ठेवणारे काका.

काका साठी ओलांडलेले, उंच, काटकुळे. रेल्वेत सिग्नल इंजिनिअर आहेत, आता आठवड्यातून तीनच दिवस जातात. आयुष्य सिग्नलच्या पेट्या उघडून आत बघण्यात गेल्यामुळे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: "बघायचं. हात लावायचा नाही." गुडघा दुखतोय? बघायचं, हात लावायचा नाही. बॉसचा राग आलाय? बघायचं, हात लावायचा नाही. केविनने हे वाक्य "लुक, डोन्ट टच" असं करून घेतलं आणि पहिल्या बायकोच्या फेसबुकच्या बाबतीत आपल्याला त्याचा फार उपयोग झाला असं तो सांगतो.

मौन सुरू होण्याआधी काका सूचना देतात. सूचना दहा मिनिटांच्या असतात आणि अर्धा तास चालतात. त्याआधी दारातच आवाजाची चाचणी होते. सिडनीच्या थंडीत हॉल गारठलेला, त्यामुळे सगळे फुगीर जॅकेटं घालून येतात, आणि ती जॅकेटं जरा हललं की कुरकुरीत चिवड्यासारखी वाजतात. काका प्रत्येकाला हात वर करायला लावतात, कान जवळ आणतात आणि निकाल देतात. एका पोराचं जॅकेट फारच वाजत होतं, तर काकांनी ते काढायला लावलं आणि स्वतःचा स्वेटर त्याच्या अंगावर चढवला. मग तासभर स्वतः शर्टावर कुडकुडत बसले. चहाच्या वेळी कोणीतरी काळजीने विचारलं तर म्हणाले, "थंडी बघत होतो."

वसंतात मॅगपाय पक्षी अंडी घालतात आणि माणसांच्या डोक्यावर झडप घालतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमचं चालण्याचं ध्यान हॉलमागच्या मैदानात, बरोबर त्यांच्या झाडाखाली. काकांनी जागा बदलली नाही. त्यांनी सगळ्यांसाठी सायकलची हेल्मेटं आणली. जमिनीकडे बघत, पावलं मोजून टाकत, हेल्मेट घालून मुंगीच्या गतीने चालणारी आमची वरात बघून कुत्र्याला फिरवायला आलेली एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. माझ्या मुलीने, इराने, एकदा हे दृश्य गाडीतून पाहिलं. तेव्हापासून ती काकांना 'द सायलेन्स अंकल' म्हणते. वर विचारते, "बट आई, ही नेव्हर स्टॉप्स टॉकिंग?"

बोलण्यात दर चार वाक्यांनी वृंदाकाकू यायच्या. "आमची वृंदा म्हणते, तुला मौन शिकवायला ठेवणं म्हणजे बोक्याला लोण्याची राखण." "आमची वृंदा म्हणते, डोळे मिटून दिसतं ते उघडून दिसायला काय हरकत आहे?" काकूंना आम्ही कोणी पाहिलेलं नव्हतं. ती बसायला येत नाही, एवढंच काका सांगायचे. प्रत्येक घरात एक तरी शहाणं माणूस असतं, असं म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला होता.

आता खिचडीचं सांगते.

अधूनमधून आम्ही दिवसभराचं शिबिर घेतो. सकाळी बसायचं, दुपारी हॉलच्या किचनमध्ये केलेली मुगाची खिचडी खायची, पुन्हा बसायचं, आणि दिवसभर कोणी कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही. त्या दिवशी काकांनी सकाळच्या सूचनांमध्ये आवाजाचा विषय घेतला. "कान आहेत म्हणजे आवाज येणारच. कुत्रा भुंकेल, शेजारी गवत कापायचं मोवर चालू करेल. तो कसला आवाज, कुठून आला, याच्या मागे लागायचं नाही. आवाज म्हणजे आवाज. आला, गेला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काका आत जाऊन मंद गॅसवर खिचडी ठेवून आले, आपल्या जागी बसले आणि घंटा वाजवली.

बऱ्याच वेळाने मला मूग खमंग झाल्याचा वास आला. मी मनात म्हटलं, वास. वास येतोय. जाईल. तो गेला नाही. आधी तूप, मग हिंग, मग ज्याला नाव द्यायचा धीर होईना असा एक वास. मी तरीही बघत होते. इतकी एकाग्रता मला आयुष्यात कधी लाभली नव्हती, त्यामुळे ती मोडायचं जिवावर आलं होतं. एवढ्यात अलार्म किंचाळायला लागला.

आम्ही कोणीही हललो नाही. आवाज म्हणजे आवाज. नंतर चहावर बोलताना कळलं की प्रत्येकाच्या मनात एकच होतं: आपण आधी डोळे उघडले तर आपणच कच्चे ठरू. आणि समोर काका तर देवळातल्या मूर्तीसारखे शांत. इथल्या हॉलमधले असे अलार्म थेट फायर स्टेशनला जोडलेले असतात, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

फायर ब्रिगेडची एक धिप्पाड बाई पिवळं हेल्मेट घालून आत आली. समोर धूर, त्यात ओळीने बसलेली माणसं, सगळ्यांचे डोळे मिटलेले.

"हाऊ आर वी गोइंग, फोक्स?" तिने जरा घाबरतच विचारलं.

कोणीच उत्तर दिलं नाही, कारण मौन होतं. कुमारीने नर्सच्या सवयीने, डोळे न उघडता, अंगठा वर केला. काकांनी डोळे उघडले, त्या बाईला हात जोडले आणि मग तळहात पुढे करून 'जरा थांबा' अशी खूण केली, कारण घंटेला थोडा वेळ होता. त्या बाईचं कौतुक हे की ती क्षणभर खरंच थांबली. मग किचनमध्ये गेली, पातेलं उचलून सिंकमध्ये टाकलं आणि दारात येऊन म्हणाली, "युअर लंच हॅज हॅड इट, मेट."

त्या दिवशी आम्ही बिस्किटं खाल्ली, आणि काकांची कीर्ती मात्र वाढली. कानाशी भोंगा वाजतोय आणि हा माणूस ढिम्म हलत नाही, याला म्हणतात समता, असं केविन भेटेल त्याला सांगत सुटला. जळलं पातेलं घासून देते म्हणून मी गाडीच्या डिकीत टाकलं आणि विसरले.

हॉलच्या मॅनेजरबाईंची ईमेल आली ती अतिशय सभ्य होती. खिचडी करपणं समजू शकते, असं त्यांनी लिहिलं होतं. परंतु अलार्म वाजल्यावर जे लोक बाहेर पडत नाहीत, त्यांना हॉल देणं आम्हाला शक्य होणार नाही. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर चर्चा झाली, म्हणजे जी काही झाली ती. "ऑल थिंग्ज पास, मेट," केविनने लिहिलं. पोरांपैकी एकाने ध्यानाच्या अ‍ॅपची लिंक टाकली. दुसऱ्याने लिहिलं, "काका, तुम्हीच शिकवलंत ना, सगळं अनित्य आहे." ध्यान काय, घरीही होतं, असं सगळ्यांचं मत पडलं आणि मीही त्यावर अंगठा टेकवला. काकांनी काहीच लिहिलं नाही. ज्यांचा मेसेज वाचताना स्क्रीनवरून अंगठा फिरवून फिरवून दुखायचा, त्यांचा साधा हात जोडलेला इमोजीही आला नाही.

पुढचे रविवार मी उशिरापर्यंत झोपले आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खटकलं ते सोमवारी. काकांचा फोन येणार म्हणून सोमवारी मोबाइल पूर्ण चार्ज करून निघायची मला सवय लागली होती. ट्रेन क्वेकर्स हिलला पोचली आणि फोन वाजला नाही. पुढच्या सोमवारीही नाही. मी फोन केला तर दोन वाक्यांत संपला. "बरा आहे गं. तू कशी आहेस? ठेवतो." वैशंपायनकाका आपणहून ठेवतो म्हणाले, तेव्हा मात्र मला भीती वाटली. मी पातेलं बेकिंग सोड्याने घासलं आणि शनिवारी दुपारी स्कोफिल्ड्सला त्यांच्या घरी गेले.

स्कोफिल्ड्सची नवी घरं एका साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी, त्यामुळे नंबर शोधत शोधतच गेले. काकांचं घर आवाजावरूनच सापडलं. आतून जुनी हिंदी गाणी ऐकू येत होती, क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती, आणखी कसलीशी घरघर होती. घरात पाहुणे दिसतात, चुकीच्या वेळी आलो, असं वाटलं. दार उघडलं तर काका एकटे.

किचनमध्ये रेडिओ चालू होता. थिएटर रूममध्ये, म्हणजे इथल्या घरांतल्या सिनेमा बघायच्या खोलीत, टीव्ही, आणि समोर एकही माणूस नसलेल्या चार आरामखुर्च्या. लाँड्रीत ड्रायर फिरत होता आणि त्यात दोन टॉवेल होते.

"काकू झोपल्यात का?" मी आवाज खाली आणत विचारलं.

"वृंदा? ती पुण्यात आहे ना," काका म्हणाले. "तिची आई अंथरुणाला खिळलीय. भाऊ नाही, बहीण नाही. तीच बघते सगळं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील आता. रोज बोलतो आम्ही. तीच जास्त बोलते."

दोन वर्षं. आमची वृंदा म्हणते, आमची वृंदा म्हणते, असं आम्ही दर रविवारी ऐकत होतो, आणि ती पुण्याहून फोनवर म्हणते एवढं आमच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं. काकांनी लपवलं असं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण इतकं बोलणाऱ्या माणसाला काही विचारायचं राहिलंय, हे कोणाच्या लक्षात येणार? मुलगा पर्थला नोकरीला. म्हणजे सगळे येऊन राहतील म्हणून बांधलेल्या या घरात काका, रेडिओ, टीव्ही आणि ड्रायर.

त्यांनी चहा केला. मी रेडिओ बारीक करायला हात पुढे केला, तर पटकन म्हणाले, "असू दे."

"काका, तुम्हाला आवाज लागतो?"

"घरातली शांतता मला झेपत नाही गं," ते म्हणाले. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं की मी कप खाली ठेवला. "तिकडे हॉलमध्ये तुम्ही सगळे गप्प बसता ना, ती शांतता वेगळी असते. केविनची खुर्ची करकरते. कुमारी घोरते थोडीशी. कोणीतरी आवंढा गिळतं. माणसं गप्प आहेत, पण आहेत. इथे कोणी गप्पसुद्धा नाही."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाले, "तो अलार्म मला ऐकू आला होता. वासही आधीच आला होता. खिचडी मीच ठेवलेली, मला कळणार नाही? पण म्हटलं, उठलो तर सगळे उठतील. शिबिर मोडेल. मग दुपारीच घरी जावं लागेल. म्हटलं, जळू दे. तुम्ही सगळे म्हणालात समता, समता. समता कसली? चिकटून बसलो होतो."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला मी चहाचा मोठा घोट घेतला. जीभ पोळली.

"मग इथे बसू या की," मी म्हटलं. "एवढी मोठी थिएटर रूम पडलीय."

"नको."

"का?"

काका कपाकडे बघत म्हणाले, "हॉलवर तुम्ही येता ते ध्यानाला येता. घरी यायचं म्हणजे माझ्याकडे यायचं. आणि मग कोणी आलं नाही तर?"

'बघायचं, हात लावायचा नाही' हे त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवायचा फार मोह झाला होता, पण तो मी आवरला. मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं: काकू पुण्याला आहेत, काका घरी एकटे असतात, उद्यापासून सिटिंग त्यांच्याकडे, सात वाजता. काका, "थांब, अगं थांब," म्हणत होते. थांबायचं काम मी विपश्यनेत करते, तेवढं पुरे. मेसेज गेला. निळ्या खुणा एकेक करून उमटल्या. उत्तर कोणाचंच आलं नाही. मी घरी पोचेपर्यंतही आलं नव्हतं, आणि तेव्हा मात्र आपण नसतं धाडस केलं असं वाटायला लागलं.

रविवारी मी लवकरच गेले. काकांनी आरामखुर्च्या ओढत ओढत गराजमध्ये नेऊन ठेवल्या होत्या, व्हॅक्यूम केला होता, भिंतीला धरून सतरंज्या अंथरल्या होत्या. खिचडी झालेली होती आणि गॅस बंद केलेला होता, हे त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. मग आम्ही दोघं दारात उभे राहिलो. सात वाजत आले, रस्ता रिकामा. समोरचा माणूस कचऱ्याचा बिन बाहेर काढून आत गेला. काकांनी खाली वाकून माझ्या चपला सरळ केल्या. थोड्या वेळाने पुन्हा वाकले आणि त्याच चपला पुन्हा सरळ केल्या.

"लांब पडतं त्यांना," ते म्हणाले. "आणि रविवार आहे. झोपू देत बिचारे."

तेवढ्यात कोपऱ्यावरून केविनची जुनी युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, वळली. तो खुर्ची काखेत मारून आला, काकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "यू शुड हॅव सेड, मेट." बस, इतकंच. मग आत गेला. कुमारी युनिफॉर्मवरच, आपली बसायची उशी घेऊन आली. मेसेज वाचला तेव्हा ती शिफ्टला निघाली होती आणि रात्रभर फोनला हात लावता आला नव्हता. पोरं आली, आपापल्या उशा घेऊन सगळी आली, एक तर मैत्रिणीलाही घेऊन आला होता. उत्तर का दिलं नाही विचारलं तर म्हणाला, "यायचंच होतं ना, त्यात रिप्लाय काय करायचा?" त्याला एक धपाटा घालावासा वाटला.

काका सूचना द्यायला उभे राहिले. सगळ्यांकडे एकदा पाहिलं, घसा खाकरला, मग "बसा," म्हणाले आणि खाली बसले. घंटा वाजली.

घर गप्प झालं. रेडिओ बंद, टीव्ही बंद, लाँड्री बंद. खुर्ची करकरली. काही वेळाने कुमारीचा बारीक घोरण्याचा आवाज सुरू झाला. नियम मोडून मी एक डोळा किलकिला केला. काका ताठ बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मी डोळा मिटला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा तास लवकर संपू नये.

नंतर खिचडी झाली, चहा झाला, भरपूर गोंगाट झाला. केविनने काकूंना फोन लावायला लावला, पण पुण्यात पहाट होती म्हणून संध्याकाळी बोलायचं ठरलं. निघताना कुमारीने आपली उशी भिंतीशी तशीच ठेवली. काका मागोमाग उशी घेऊन धावले, तर ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, "पुढच्या रविवारी परत आणायचीच ना, कशाला ओझं?" मग कोणीच काही उचललं नाही. केविनची खुर्चीसुद्धा तिथेच राहिली, आणि ती खुर्ची तो आजवर पाच मिनिटंही नजरेआड होऊ देत नसे.

सगळे गेले. मी भांडी विसळून थिएटर रूमकडे गेले तर काका दारात उभे होते.

"मेधा, ऐक," ते हळूच म्हणाले.

मी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हतं. आत उशा ओळीने पडल्या होत्या, बसणाऱ्यांच्या वजनाने मधोमध खोलगट झालेल्या.

"सगळे गेले तरी ती शांतता थोडी उरलीय," काका म्हणाले. "रविवारपर्यंत टिकेल का गं?"

"पुरवून पुरवून वापरा," मी म्हटलं.

हा सल्ला त्यांनी अगदी गंभीरपणे घेतला. मान हलवली, आणि विरजण लावलेल्या भांड्यावर झाकण ठेवावं तसं थिएटर रूमचं दार अलगद ओढून घेतलं.